कमळाकर नाखवाची दोन बोटं

कमळाकर नाखवा आंधळा होत चालला होता आणि कचेरीत ते फक्त मला माहीत होतं. हे आधीच सांगून टाकते. शेवटपर्यंत झाकून ठेवायचं आणि मग वाचणाऱ्याला धक्का द्यायचा, असल्या प्रकारांचा मला कंटाळा आहे.

आमची कचेरी पनवेलला, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत, औषधांच्या दुकानाच्या वर. धंदा क्लिअरिंगचा. म्हणजे कोणाला परदेशी माल पाठवायचा असला की त्याचे कस्टमचे कागद आम्ही करायचे आणि द्रोणागिरीच्या आमच्या गोदामातून त्याचा कंटेनर बंदरात पोचता करायचा. मी तिथे हिशेब बघायची. निवृत्त झाले तरी आठवड्यातून दोन-तीनदा जात राहिले, ते वाचणीसाठी.

वाचणी आमच्याकडचीच पद्धत. एकाने समोर बसून मालाची यादी मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने टाइप करायची. टाइप करणाऱ्याने कागदाकडे मान म्हणून वळवायची नाही. कृष्णकांत शेठनी, म्हणजे ज्यांनी ही कचेरी काढली त्यांनी, हा शिरस्ता घातला. मान वळली की आकडा चुकतो, असं त्यांचं म्हणणं. आजूबाजूच्या कचेऱ्यांतले लोक हसायचे, तुमच्याकडे बाराखडीचा वर्ग भरतो का, विचारायचे. हसोत. आमच्या बिलांत, म्हणजे कस्टमच्या त्या कागदांत, चुका नसायच्या. मी वाचायची, कमळाकर टाइप करायचा. मी ओळ संपवून श्वास घेतला की त्याचं एंटर पडायचं. पुढे पुढे मला असं वाटायला लागलं होतं की एंटर पडल्याशिवाय मला श्वासच घेता येत नाही.

टाइप करायचं ते एका जुन्या प्रोग्रॅमवर. काळा पडदा, हिरवी अक्षरं, माउसचा संबंध नाही. सगळं कळांवर. एफ टू दाबलं की नवीन बिल, एफ फोर दाबलं की बंदरांची यादी. आणि पान भरून झालं की कंट्रोल डब्ल्यू. ते दाबलं की प्रोग्रॅम विचारायचा, जतन करू का. मग एंटर. मग यंत्र एकदा वाजायचं, पीं. चूक असली तर दोनदा. कमळाकर कंट्रोल डब्ल्यू आणि एंटर वेगवेगळं दाबायचाच नाही. दोन्ही एका झटक्यात, कडी काढता काढता दार ढकलावं तसं.

माणूस मोठा ऐटबाज. पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा, केसांना तेल, आणि बोलणं असं की शिपायापासून शेठपर्यंत कोणाची टोपी उडवेल. मूळचा करंज्याचा, कोळी. वडील खाडीत डोल जाळं लावायचे. घरात होडी सोडून खुर्चीवर बसलेला हा पहिला. त्याचा त्याला अभिमान होता, आणि तो लपवायची त्याला गरज वाटायची नाही. "बाबांनी मासळी पकडली, मी कंटेनर पकडतो," म्हणायचा. "फरक एवढाच, बाई, की कंटेनरला वास येत नाही. म्हणून बायको मला घरात घेते."

बायको गुणाबाई. पनवेलच्या मासळी बाजारात बसायची. दोघं रोडपालीला राहायचे. सकाळी एकाच रिक्षाने यायचे, आधी कचेरीपाशी उतरायचे, मग ती बाजारात जायची. रिक्षापासून आमच्या जिन्यापर्यंत तिची टोपली दोघं मिळून धरून आणायचे. एका काठाला तिचा हात, दुसऱ्या काठाला त्याचा. आमच्या इथल्या पोरी कौतुक करायच्या, बघा, या वयातही बायकोचं ओझं उचलतो.

एकदा मी त्यांच्या मागून चालत होते. टोपली रिकामी होती. गुणाबाईने जाताना ती एका हाताने उचलून काखेत मारली, तेव्हा दिसलं. रिकामी टोपली दोघांनी कशाला धरायची? मी जिन्यातच थांबले. कमळाकर कठड्यावरून हात सरकवत वर गेला आणि शेवटच्या पायरीवर पाय जरा जास्त उचलून जमीन चाचपून बघितली. मग सरळ चालत आपल्या खुर्चीवर जाऊन बसला.

मी समोर बसले. "कधीपासून?" विचारलं.

"काय कधीपासून?"

"कमळाकर, माझा वेळ घालवू नकोस."

तो हळूच म्हणाला, "काचबिंदू. आधी बाजूचं गेलं. आता मधलं राहिलंय, तेपण नळीतून बघावं तसं. डॉक्टर थेंब देतात. म्हणतात, आहे ते टिकवू. टिकत नाही."

"शेठला सांगितलंस?"

"सांगून काय करू? इथे मला दिसायची गरज नाही. तुम्ही वाचता, मी हाणतो, मशीन पीं करतं. या खुर्चीवर मी तसाच आहे. खुर्चीवरून उठलो की आंधळा." आणि लगेच म्हणाला, "चला, वाचा. कालची मिरचीची यादी राहिलीय."

मी वाचली. कोणाला सांगितलं नाही. त्याचं काम चोख होतं, आणि डोळे ज्याचे त्याचे असतात.

हे असंच चाललं असतं. पण मोठे शेठ वारले आणि मुलगा परेश बघायला लागला. वाईट मुलगा नाही. बापासारखा खुर्चीत रुतून बसणारा नाही, पळणारा आहे. त्याने जुनी यंत्रं पाहिली आणि डोक्याला हात लावला. प्रोग्रॅम ज्याने लिहिला तो माणूसही कधीच गेलेला. एक यंत्र बंद पडलं की दुसऱ्याचे भाग काढून त्यात घालायचे, असं चाललं होतं. परेशने सगळ्यांना बोलावून सांगितलं, की आता सगळं ब्राउझरमध्ये येणार, इंटरनेटवर, पार्टीला आपल्या घरी बसून आपलं बिल बघता येईल. पाडव्यापासून जुनं बंद.

"आणि ज्याला नवीन जमणार नाही," तो म्हणाला, "त्याने टेन्शन घेऊ नये. कोणाला काढणार नाही. द्रोणागिरीला गोदामात माणसं कमीच आहेत. तिकडे खोकी मोजून घ्यायची, ट्रेलरवर नंबर बघायचे. सोपं काम आहे."

मी कमळाकरकडे पाहिलं. तो हसत होता, सगळे हसतात तसा. द्रोणागिरीचं गोदाम मी पाहिलंय. मागे येणारे ट्रेलर, फोर्कलिफ्ट, आणि नंबर असे रंगवलेले की डोळे असलेल्यांनाही दोनदा बघावे लागतात. तिथे गेला की पहिल्याच दिवशी कळणार होतं. नवीन प्रोग्रॅम जमला तर खुर्ची, नाही तर घर. मधलं काही नव्हतं.

नवीन प्रोग्रॅम करणारा मुलगा प्रितेश. इथलाच, पनवेलचा. केस वाढवलेले, पण कान उघडे. ते मी बघते माणसात. तो एकेकाच्या शेजारी बसून कोण कसं काम करतं ते पाहून गेला. कमळाकरपाशी मात्र बराच वेळ बसला.

"काका, तुम्ही माउसला हातच लावत नाही."

"उंदीर आमच्याकडे मांजरीला देतात."

प्रितेश हसला. "मग तुमच्या सगळ्या कळा तुम्हाला तशाच देतो. एफ टू, एफ फोर, सगळ्या. ब्राउझरच्याही आपल्या कळा असतात, पण मी त्याला सांगू शकतो, की बाबा, या कळा तू घेऊ नकोस, माझ्या पानाला दे. ऐकतो तो. फक्त दोन-तीन कळा तो कोणाला देत नाही. त्यातली एक कंट्रोल डब्ल्यू."

कमळाकरची बोटं थांबली. "ती काय करते?"

"पान बंद करते. आहे तसं. भरलेलं सगळं जातं."

"जतन न करता?"

"हो ना. ती कळ माझ्यापर्यंत पोचतच नाही. तो वरच्यावर झेलतो. मी एवढंच करू शकतो, की बंद करण्याआधी विचारेल, खरंच जायचंय का."

"आणि एंटर दाबलं तर?"

"तर जाईल."

कमळाकर खुर्चीत मागे टेकला. "म्हणजे घर माझं आणि कडी शेजाऱ्याच्या हातात."

"काका, जतन करायला एफ नाइन देतो. एक कळ, विचारणं नाही, काही नाही. सोपं आहे उलट."

"भरता भरता आपोआप जतन होत नाही का?" मी विचारलं. माझ्या नातीच्या फोनवर होतं, मला माहीत होतं.

"पुढच्या टप्प्यात आहे ते, मॅडम. परेश सरांनी आत्ता एवढंच सांगितलंय."

सगळ्यांच्या डोक्यात हे पुढचे टप्पे कुठून शिरलेत कोण जाणे.

प्रितेश उठायला लागला तेव्हा कमळाकरने सहज विचारल्यासारखं विचारलं, "आणि ते वाजणार ना? जतन झालं की?"

"वाजत नाही आता कोणी, काका. वर हिरवी पट्टी येते. सेव्ह्ड म्हणून."

"पट्टी आली आणि आपण खिडकीबाहेर बघत असलो तर?"

मी मध्ये पडले. "त्यात आवाज घाल," म्हटलं. "मी वाचते, मला कळायला हवं पान झालं की नाही. पट्टी त्याच्या बाजूला, मी पडद्याच्या मागे. मला काय दिसणार?"

खोटं काहीच नव्हतं त्यात. प्रितेश म्हणाला, "घालतो." आणि घातला. छोटे स्पीकरही आणून लावले. पण प्रोग्रॅम सगळ्यांचा एकच, तेव्हा आवाजही सगळ्यांना एकच. शेजारच्या टेबलावर मिथुन बसायचा, चांगला चटपटीत पोरगा. त्याचंही यंत्र तसंच पीं करायला लागलं. तेव्हा त्यात कोणाला काही वावगं दिसलं नाही. मलाही नाही.

पाडव्याआधीचे दिवस दोन्ही प्रोग्रॅम चालू होते, सरावासाठी. पहिल्यांदा नवीन पडदा उघडला तेव्हा कमळाकर त्याच्यासमोर नुसता बसून राहिला. काळ्यावर हिरवं त्याला अजून थोडं थोडं लागायचं. हे सगळं पांढरं. "चुन्याच्या भिंतीकडे तोंड करून बसवलंय मला, बाई," तो म्हणाला. तेवढंच. मग टाइप करायला लागला.

आणि सांगते, जमलं त्याला. सगळ्या कळा जागेवर होत्या. वाचणी तीच, एंटर तेच. फक्त पान संपलं की डाव्या हाताची दोन बोटं आपली आपण खाली जायची, एक कंट्रोलवर, एक डब्ल्यूवर. दहातल्या नऊ वेळा तो त्यांना अडवायचा. दहाव्या वेळी पान जायचं. आवाज आला नाही की त्याला कळायचं, तो जिभेने च्च करायचा, मी परत पहिल्यापासून वाचायची. मी तशी शांत बाई नाही, पण त्या दिवसांत कुरकुर केली नाही.

मग एके दिवशी बघते तर डब्ल्यूच्या कळेवर काहीतरी चिकटवलेलं. जाळ्याच्या निळ्या दोऱ्याची गाठ, डिंकाने बसवलेली. कडक, टोचणारी.

मिथुन म्हणाला, "काका, कीबोर्डला दृष्ट लागू नये म्हणून का?"

"तुझी लागू नये म्हणून. सारखा बघतोस."

मला मात्र त्याने खरं सांगितलं. गुणाबाईची युक्ती. ती म्हणाली होती, बोटाला टोचलं की बोट शहाणं होईल. चार दिवस झालंही. पण डब्ल्यू हे अक्षरही आहे. इंग्रजी वेटमध्ये येतं, वेअरहाउसमध्ये येतं, माणसांच्या नावांत येतं. ती कळ दिवसातून शंभरदा दाबावी लागायची. हळूहळू बोटाला गाठीची सवय झाली आणि गाठ नुसती गाठ राहिली.

एका दुपारी मी मासळी बाजारात गेले होते, तेव्हा गुणाबाईने बोंबील वर्तमानपत्रात बांधता बांधता विचारलं, "बाय, जमतंय ना त्यांना?"

"जमतंय."

"घरात पन चालूच हाय. जेवताना ताटाच्या काठाव बोटा हाणतात. मी इचारलं, काय चाललंय? तर म्हनतात, शिकवतोय या दोघांना. जुनी खोड हाय, जात नाय." तिने पुडी माझ्या पिशवीत टाकली. "बाय, ते गोदामात नाय जानार. तुमी सांगा शेठला. तिकडं नको."

"वेळ आली तर सांगेन," मी म्हटलं.

पाडवा झाला. जुनी यंत्रं भंगारवाल्याने नेली. पहिले काही दिवस नीट गेले. कमळाकरचा आवाज परत चढला, टोप्या परत उडायला लागल्या. मलाही वाटायला लागलं की निभावलं.

मग तो भांड्यांचा कंटेनर आला. स्टीलची भांडी, आफ्रिकेत जायची. यादी लांबलचक, प्रत्येक वाटीचा आकार वेगळा. पार्टीने कागद उशिरा दिले आणि जहाजाचा माल घ्यायची वेळ संपत आलेली. परेश येरझाऱ्या घालत होता. मिथुनने सकाळीच कमळाकरच्या यंत्रावर बंदराचं वेळापत्रक उघडून ठेवलं होतं, जहाज कधी लागतंय ते बघायला. ते मागे तसंच राहिलं होतं, आमचं बिल त्याच्या पुढे.

मी वाचायला लागले. पाठवणाऱ्याचं नाव, बंदर, जहाज. पहिलं पान होत आलं. तेवढ्यात परेश कमळाकरच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"काका, जरा पटपट. मला बघू दे किती झालंय."

"झालंच, शेठ," कमळाकर म्हणाला, आणि त्याची बोटं त्यांच्या जुन्या वेगाने धावली.

पुढे काय झालं ते मला मिथुनने नंतर सांगितलं. मी पडद्याच्या मागे होते, माझ्यासमोर कागद. दोन बोटं खाली गेली. पडद्यावर प्रश्न आला, खरंच जायचंय का. तो वाचायला डोळे हवेत. एंटर त्याच झटक्यात पडलं. पान गेलं आणि मागचं वेळापत्रक वर आलं, नुसती जहाजांची नावं. आणि त्याच क्षणी शेजारच्या टेबलावर मिथुनने आपलं काहीतरी जतन केलं. पीं.

"हं, बाई," कमळाकर म्हणाला. "पान दुसरं."

मी वाचत गेले. "ताट, काठाचं, बारा इंच. ताट, बिनकाठाचं, बारा इंच. वाटी, चार इंच. वाटी, साडेतीन इंच, नक्षीची." त्याची बोटं खाड्खाड् पडत होती. एंटर, एंटर. "डबा, झाकणाचा, मोठा. डबा, झाकणाचा, मधला." मिथुन काहीतरी बोलायला उठला असं मला वाटलं, आणि परेशने हात करून त्याला बसवलं, तेही ओझरतं दिसलं. मला वाटलं, घाई आहे, मध्ये बोलू नको म्हणून. मी वेग वाढवला. कमळाकरनेही वाढवला. इतकं छान चाललं होतं. कढया झाल्या, झारे झाले, तांबे झाले, पेले झाले. मी शेवटची ओळ वाचली आणि श्वास घेतला.

कमळाकरने एफ नाइन दाबलं. या वेळी नीट, एकच बोट, बरोबर कळ. आणि थांबला.

काही वाजलं नाही.

त्याने परत दाबलं. मान जराशी तिरकी केली, कान यंत्राकडे. परत दाबलं. खालच्या दुकानात कोणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं, ते वर ऐकू आलं.

"बाई," तो म्हणाला, "आवाज आला का?"

मी उत्तर देणार त्याआधी परेश बोलला. हळू बोलला, तो काही ओरडला नाही. "काका, पडद्यावर काय दिसतंय तुम्हाला?"

कमळाकर सरळ बसला. शर्टाची कॉलर नीट केली. समोर बघितलं, जिथे बघायचं असतं तिथेच.

"बिल आहे की, शेठ," तो म्हणाला. "ताटं, वाट्या. वाजलं नाही एवढंच. स्पीकर गेला असेल."

मी उठून टेबलाला वळसा घालून आले तेव्हा मला ती जहाजांची नावं दिसली.

परेशने शेजारची खुर्ची ओढली आणि बसला. त्याचा चेहरा उतरला होता. ओरडला असता तर बरं झालं असतं, कमळाकरला उलट बोलता आलं असतं. तसं काही झालं नाही. मिथुनने यादी माझ्याकडून घेतली, आपल्या टेबलावर नेली आणि बघून बघून टाइप केली. बिल वेळेत गेलं, कंटेनर गेला, जहाज गेलं. कोणाचं काही बिघडलं नाही.

"मला सांगायचं होतं ना, काका," परेश म्हणाला.

"मावशी, तुम्हाला माहीत होतं का?" हे त्याने मला विचारलं.

"माहीत होतं," मी म्हटलं. "आणि जोवर जुनं यंत्र जागेवर होतं, तोवर तुला त्याची एक चूक दाखवता आली नसती. मग सांगून काय करायचं होतं?"

संध्याकाळी परेशने कमळाकरला फोनवर बसायला सांगितलं. पगार तोच, काम फोन घ्यायचं. मनापासून म्हणत होता. कमळाकरने मान हलवली, बरं म्हणाला.

संध्याकाळी गुणाबाई आली. जिन्याच्या पायथ्याशी उभी होती. मी कमळाकरबरोबरच खाली उतरले. तिला मी काही सांगायच्या आत तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग वर कचेरीच्या खिडकीकडे. खिडकीत सगळे उभे होते. टोपली तिने काखेत घेतली. त्याचा हात नेहमीसारखा काठ शोधत पुढे आला. तिने तो हात काठावर ठेवू दिला नाही. सगळ्यांच्या देखत त्याचं मनगट धरलं आणि रिक्षापर्यंत नेलं.

फोनवर तो फार दिवस बसला नाही. मी गेले तेव्हा पाहिलं. लोक त्याच्याशी मोठ्याने बोलायला लागले होते, जसं काही त्याचे कान गेलेत. उठला की तीन माणसं धावायची. चहा कपात नको, ग्लासात द्या, सांडेल. मिथुन तर इतका हळवा झाला होता की कमळाकरने त्याला टोमणा मारला तरी हसायचा नाही, नुसता "हो काका" म्हणायचा. ज्याच्या टोमण्याला कोणी उलट बोलत नाही, त्याने टोमणे कशाला मारायचे? एक दिवस तो आलाच नाही. दुसऱ्या दिवशी गुणाबाईने येऊन सांगितलं, ते येनार नाय.

डोळे गेलेल्यांना वाचून दाखवणारे प्रोग्रॅम असतात, हे मला ठाऊक आहे. प्रितेशने स्वतः येऊन सांगितलं, मी बसवून देतो, काका शिकतील. मी निरोप पोचवला. कमळाकरने नको म्हणून कळवलं. त्याच्यावर चिडले मी. पण मग लक्षात आलं, त्याला काम हवं होतं असं नाहीच. त्याला ती एक जागा हवी होती जिथे त्याला दिसत नाही हे कोणाला दिसत नव्हतं. ती आता कुठलाही प्रोग्रॅम देऊ शकत नव्हता.

उन्हाळ्याच्या शेवटी मी रोडपालीला गेले. दुसरा मजला, दार लोटलेलं. आत अंधार. मला वाटलं, कोणी नाही. मग आतून आवाज आला, "बाई, या. चपला उजवीकडे काढा, डावीकडे माझ्या आहेत, मला मग सापडत नाहीत."

"माझी चाहूल ओळखलीस?"

"तुम्ही जिन्यातसुद्धा घाईत असता."

कॉटवर बसला होता. शर्ट तोच पांढरा, पण इस्त्री नव्हती. त्याच्या अंगावर इस्त्री नसलेला शर्ट मी पहिल्यांदा पाहिला. गुणाबाई बाजारातून यायची होती. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोललो. परेशने कोणाला घेतलं, मिथुनचं लग्न ठरलं, वाचणी बंद केली.

"बंद केली?"

"आता पार्टीकडून यादी सरळ आत येते. टाइपच करावी लागत नाही."

"मग तुम्ही काय करता?"

"मी जात नाही आता."

त्याने मान हलवली. मांडीवर त्याचे हात होते, उताणे, स्वस्थ. इतक्या वर्षांत ते हात मी स्वस्थ पाहिले नव्हते.

"बाई, एक विचारू? खरं सांगाल?"

"मी कधी खोटं सांगितलं?"

"त्या दिवशी मी किती टाइप केलं? ते सगळे बघत होते तेव्हा."

"सगळं. शेवटच्या पेल्यापर्यंत."

तो ऐकत होता. "बरोबर होतं का?"

आता काय सांगणार याला? मी पडद्याच्या मागे होते. माझ्यासमोर कागद होता. आणि पडद्यासमोर असते तरी तिथे होती नुसती जहाजं.

"मला माहीत नाही, कमळाकर," मी म्हटलं. "ते कुठे उमटलंच नाही."

"हं," तो म्हणाला. आणि मग, अगदी कामातलं काहीतरी राहून गेल्यासारखं, "बरोबर असणार. तुम्ही नक्षीची वाटी म्हणालात तेव्हा मी जरा अडखळलो होतो, पण सुधारलं."

जिन्यात पावलं वाजली. गुणाबाई आत आली, टोपली दारातच टेकवली आणि भिंतीवरचं बटण दाबलं. उजेड एकदम डोळ्यांत आला. मी डोळे मिटून घेतले. कमळाकर होता तसाच बसून होता.

"बायला अंधारात बसवलं व्हय," ती म्हणाली. "लाइट तरी लावायची."

"राहिलीच बघ," तो म्हणाला. "ध्यानात नाय आलं."